भिंगरीच्या पायातलं कडं

स्मरणिकेसाठी ‘इतिहासावर काहीतरी लिहा’ असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. आपल्या सोसायटीचा इतिहास इतर सभासदांनी लिहिलाच आहे, म्हणून मी जरा लांबचा, एका पक्ष्याचा इतिहास सांगतो.

थंडीच्या दिवसांत आपल्याकडे विजेच्या तारांवर छोटे पक्षी ओळीने बसलेले दिसतात. निळीकाळी चकचकीत पाठ, तांबूस गळा, दुभंगलेली शेपटी. ही माळभिंगरी. वजन जेमतेम वीस ग्रॅम. पावसाळा सरताना येते, ऊन तापू लागलं की जाते. तिचं जाणं आपल्या लक्षातही येत नाही. युरोपात मात्र हीच भिंगरी वसंताची वर्दी देते आणि लोक दोन हजारांहून अधिक वर्षं तिची वाट पाहत आले आहेत. प्राचीन ग्रीसमध्ये ऱ्होड्स बेटावरची मुलं भिंगरीचं गाणं म्हणत दारोदार खाऊ मागायची; आपली पोरं होळीला लाकडं-गोवऱ्या मागत फिरायची, तसंच.

येते हे सर्वांना दिसत होतं, पण हिवाळाभर असते कुठे? ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं की काही भिंगऱ्या बिळा-कपारींत दडून राहतात. १५५५ साली ओलाउस मॅग्नुस या स्वीडिश धर्मगुरूच्या ग्रंथात तर कोळी जाळ्यातून मासे आणि भिंगऱ्या एकत्र ओढून काढताहेत, असं चित्रच छापलं गेलं! हसू येतं, पण त्यालाही कारण होतं. परतीच्या प्रवासाआधी या पक्ष्यांचे थवे संध्याकाळी तळ्याकाठच्या बोरूच्या बेटांत मुक्कामाला उतरतात आणि एक दिवस दिसेनासे होतात. बघणाऱ्याला वाटलं, पाण्यात गेले.

पुढे इंग्लंडमधल्या सेलबर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइट या पाद्रीबाबांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. त्यांच्याकडे भिंगरी साधारण १३ एप्रिलच्या सुमारास यायची. त्यांचे भाऊ जिब्राल्टरला होते, त्यांनी हे पक्षी सामुद्रधुनी ओलांडताना पाहिले होते. म्हणजे दुसऱ्या शाखेकडून खबर आली होती! तरीही, निदान काही पक्षी इथेच कुठेतरी दडत असावेत, ही शंका व्हाइटसाहेबांच्या मनातून गेली नाही. १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात ती दिसते.

आम्ही बँकवाले याला रिकन्सिलिएशन म्हणतो. एका शाखेत नावे पडलेली रक्कम दुसऱ्या शाखेत जमा झाली, हे एकाच व्हाउचर नंबरने जुळायला हवं. ‘अशीच काहीतरी रक्कम आली होती’ म्हणून चालत नाही. पक्ष्यांना असा नंबर नव्हता. तो दिला डेन्मार्कच्या मॉर्टेन्सेन नावाच्या शिक्षकाने. १८९९ साली त्याने पक्ष्यांच्या पायांत नंबर आणि पत्ता कोरलेली ॲल्युमिनियमची कडी घालायला सुरुवात केली. १९०९ मध्ये विदरबी यांनी इंग्लंडमध्ये तशीच योजना काढली.

६ मे १९११ रोजी स्टॅफर्डशायरमधले एक वकील, जॉन मेसफिल्ड यांनी आपल्या घराच्या पोर्चमध्ये घरटं केलेल्या भिंगरीच्या पायात असं एक कडं घातलं. डिसेंबर १९१२ मध्ये ती दक्षिण आफ्रिकेत, नाताळ प्रांतातल्या युट्रेक्ट गावाजवळच्या शेतावर सापडली. अंतर नऊ हजार किलोमीटरांहून जास्त! तिथल्या हॉटेलातल्या एका गृहस्थाने कड्यावरच्या लंडनच्या पत्त्यावर पत्र धाडलं. दोन हजार वर्षांची एन्ट्री त्या पत्राने जुळली. त्याने कडं कुतूहलाने खिशात टाकलं असतं, तर? मला मेसफिल्ड यांच्याइतकंच या पत्र लिहिणाऱ्याचं कौतुक वाटतं. ना ओळख, ना फायदा. तरी माणसाने पत्र टाकलं.

आपल्याकडे १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हे काम केलं, डॉ. सालिम अलींनी ते वाढवलं. आपल्या भिंगऱ्या आफ्रिकेला जात नाहीत. त्या हिमालयात आणि त्यापलीकडे उत्तर आशियात वीण करतात. म्हणजे त्यांच्या परतण्याची वाट पाहणारे तिकडे आहेत आणि निरोप देणारे आपण.

तेव्हा यंदा मार्च-एप्रिलमध्ये गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालायला जाल, तेव्हा तारांकडेही पाहा. भिंगरी शेवटची दिसली ती तारीख कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा. मुलांनाही या कामाला लावा. आपल्या शाखेची नोंद आपण चोख ठेवू.