खुब्याची सांधेबदल शस्त्रक्रिया

खुब्याची सांधेबदल शस्त्रक्रिया किंवा खुब्याचे सांधेरोपण ही झिजलेला अथवा निकामी झालेला खुब्याचा सांधा काढून त्या जागी कृत्रिम सांधा बसवण्याची शस्त्रक्रिया आहे. खुबा हा उखळीचा सांधा असून त्यात मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील खोबणीत फिरतो. वेदना थांबवणे आणि चालण्याची क्षमता परत मिळवणे हे या शस्त्रक्रियेचे मुख्य उद्देश आहेत.

इतिहास

जर्मन शल्यविशारद थेमिस्टोक्लीस ग्लुक यांनी १८९१ च्या सुमारास हस्तिदंती सांध्यांचे प्रयोग केले. आधुनिक पद्धतीचा पाया इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी घातला. १९६२ पासून त्यांनी धातूचा माथा, पॉलिएथिलीनची वाटी आणि अस्थिसिमेंट यांचा एकत्रित वापर सुरू केला. मुंबईतील डॉ. के. टी. ढोलकिया हे भारतातील सांधेरोपणाच्या अध्वर्यूंपैकी एक मानले जातात.

कारणे

वयोमानाने होणारी सांध्याची झीज, संधिवात आणि वृद्धांमध्ये पडल्यामुळे होणारा मांडीच्या हाडाच्या मानेचा अस्थिभंग ही प्रमुख कारणे आहेत. रक्तपुरवठा खंडित झाल्याने हाडाचा माथा मृत होणे हे भारतातील तरुण रुग्णांमध्ये महत्त्वाचे कारण आहे. दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड औषधे, अतिमद्यपान आणि सिकलसेल आजार यांमुळे असे होऊ शकते. खुब्याचे दुखणे अनेकदा जांघेत किंवा गुडघ्यात जाणवते, त्यामुळे निदानास उशीर होतो.

शस्त्रक्रिया

शस्त्रक्रियेपूर्वी रक्ततपासणी व हृदयतपासणी केली जाते. मधुमेह नियंत्रणात आणणे तसेच दात, त्वचा व मूत्रमार्गातील संसर्ग आधी बरा करणे आवश्यक असते. पाठीच्या कण्यातून किंवा पूर्ण भूल देऊन केली जाणारी ही शस्त्रक्रिया साधारण एक ते दोन तास चालते. खराब माथा काढून मांडीच्या हाडात धातूचा दांडा आणि खोबणीत वाटी बसवतात. हे भाग सिमेंटने घट्ट केले जातात किंवा हाड त्यांना धरून वाढेल अशा खडबडीत पृष्ठभागाचे असतात.

पुनर्वसन

बहुतेक रुग्णांना त्याच किंवा दुसऱ्या दिवशी वॉकरच्या आधाराने उभे केले जाते. टाके साधारण दोन आठवड्यांनी काढतात. चार ते सहा आठवड्यांत अनेक जण काठीवर येतात. स्नायूंची ताकद परतण्यास मात्र काही महिने लागतात आणि ती नियमित व्यायामावर अवलंबून असते.

सांधा निखळू नये म्हणून, विशेषतः मागील बाजूने शस्त्रक्रिया झाली असल्यास, पहिले सहा ते बारा आठवडे खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवणे, पायावर पाय टाकणे आणि पाय आत वळवणे टाळावे लागते. मांडी घालून किंवा उकिडवे बसण्याची सवय असलेल्या महाराष्ट्रातील घरांत हा बदल सर्वांत कठीण ठरतो. त्यामुळे रुग्ण घरी येण्यापूर्वीच उंच खुर्ची, कमोड किंवा कमोडची खुर्ची, न्हाणीघरात धरण्यासाठी दांडी आणि पलंग यांची सोय करावी लागते.

धोके

संसर्ग, पायातील शिरांमध्ये रक्ताची गुठळी, सांधा निखळणे, चेतातंतूला इजा आणि दोन्ही पायांच्या लांबीत फरक हे संभाव्य धोके आहेत. पोटरीला सूज व वेदना, ताप, जखमेतून स्राव किंवा अचानक पाय टेकता न येणे ही लक्षणे दिसल्यास त्वरित रुग्णालयात जावे. छातीत दुखणे वा धाप लागणे ही आणीबाणीची लक्षणे आहेत. २०१९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार सुमारे ५८ टक्के कृत्रिम खुबे २५ वर्षे टिकतात.

डेप्यू कंपनीचे 'एएसआर' हे धातूवर धातू घासणारे खुबे सदोष आढळल्याने २०१० मध्ये जगभरातून परत मागवण्यात आले. भारतात ते सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरले गेले होते. त्यांपैकी बहुसंख्य रुग्णांचा मागोवा नंतर लागला नाही. म्हणून रोपणाचे नाव, क्रमांक व स्टिकर असलेली कागदपत्रे रुग्णाने कायम जपून ठेवणे महत्त्वाचे असते.

छत्रपती संभाजीनगरमधील उपचार

छत्रपती संभाजीनगर हे मराठवाड्यातील अस्थिरोग उपचारांचे प्रमुख केंद्र आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय 'घाटी' या नावाने ओळखले जाते. तेथे शेजारच्या जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून खर्च मिळेल की नाही, हे निदान आणि त्या वेळी लागू असलेल्या उपचारांच्या यादीवर ठरते. त्याची माहिती अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्र देतात. दूरच्या गावांतील रुग्णांसाठी फेरतपासणीचा प्रवास आणि घरीच करावयाचा व्यायाम यांचे नियोजन हाही उपचाराचाच भाग ठरतो.