चिनी दंतवैद्यांचे एकाकी उत्तरायुष्य : एक ऐतिहासिक आकलन

धाराशिव जिल्ह्यालगतच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासह चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच निवर्तले. त्यांची स्मृती महाराष्ट्राने जपली. परंतु चीनहून भारतात येऊन दातांवर उपचार करणाऱ्या कारागिरांचा इतिहास मात्र आपल्याकडे उपेक्षित राहिला. त्यांच्या उत्तरायुष्यातील एकाकीपणाची कारणे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भारतातील चिनी समाजात मूळ प्रदेश व बोलीनुसार व्यवसाय विभागलेले होते. हक्का लोक चामडे व पादत्राणांच्या धंद्यात, कॅन्टनी लोक सुतारकामात, तर हुबेई प्रांतातील कुटुंबे दंतवैद्यकात स्थिरावली. मुंबईत माझगाव हे या समाजाचे प्रमुख केंद्र होते. तेथील सी यिप मंदिर १९१९ मधील आहे. दात काढणे, कवळी तयार करून बसविणे ही विद्या महाविद्यालयात नव्हे, तर पित्याकडून पुत्राकडे जात असे.

ही परंपरा दोन कायद्यांमुळे खंडित झाली. १९४८ च्या दंतवैद्यक अधिनियमाने नोंदवहीचे 'अ' व 'ब' असे भाग केले. पदवी नसलेल्या, परंतु पूर्वीपासून व्यवसाय करणाऱ्यांना 'ब' भागात स्थान मिळाले. पित्याचा व्यवसाय वैध ठरला. मात्र तो वारशाने देता येईना. पुत्राला पदवी मिळविणे किंवा अन्य व्यवसाय शोधणे भाग पडले.

दुसरा आघात १९६२ च्या युद्धाने केला. त्या वर्षीच्या परकीय नागरिकविषयक कायद्यान्वये आजी-आजोबा चिनी असलेल्या भारतीयालाही परकीय मानण्याची तरतूद झाली. सुमारे ३००० जणांना राजस्थानातील देवळी येथे स्थानबद्ध करण्यात आले. त्यांतील बहुतेक आसाम व उत्तर बंगालमधील होते. इतरत्र राहणाऱ्यांवरही पोलिसांकडील नोंदणी आणि प्रवासाचे निर्बंध आले. परिणामी अनेक कुटुंबांतील तरुण कॅनडा, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत गेले. दवाखाना आणि वृद्ध मागे राहिले.

तात्पर्य, हे एकाकीपण केवळ वार्धक्याचे फळ नाही. पहिल्या कायद्याने व्यवसायाचा वारस हिरावला, तर दुसऱ्याने कुटुंब विखुरले. कोटणीसांच्या प्रदेशातील इतिहास विभागांनी 'ब' भागातील जुन्या नोंदी, अँटॉप हिल येथील चिनी दफनभूमी आणि हयात वृद्धांच्या मौखिक आठवणी ही साधने अभ्यासावीत. यांपैकी शेवटचे साधन फार काळ उपलब्ध राहणार नाही.