तराजू कोण तोलणार?

गेल्या वेळी आपण न्यायदर्शनातल्या तराजूपाशी थांबलो होतो. वस्तू तोलताना तराजू हे प्रमाण. पण त्याचीच पारख करायला घेतली, की तो प्रमेय होतो. आज याचं एक अलीकडचं उदाहरण पाहू.

१९४६ साली अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये टेक्ट्रॉनिक्स कंपनी सुरू झाली. तिचे ऑसिलोस्कोप म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवून मोजणारी यंत्रं. १९५०च्या दशकातल्या अशा यंत्रांत चांदीमिश्रित सोल्डरचं छोटं रीळच ठेवलेलं असे. कारण सुटे भाग सिरॅमिकच्या पट्ट्यांवर जोडलेले, आणि साधं सोल्डर पट्टीवरची चांदी विरघळवून टाकी. म्हणजे बनवणाऱ्यानं दुरुस्ती गृहीतच धरली होती!

आता ही यंत्रं माझ्यासारखीच म्हातारी झाली. पुष्कळदा कुरकुरतात ते फिरते स्विच. हवेतल्या गंधकानं संपर्कावरचा चांदीचा मुलामा काळवंडतो, देवघरातल्या चांदीच्या निरांजनासारखा. मग रेंज बदलली की रेघ उडते, आकडा खोटा निघतो. दोष वस्तूत की मापकात? जाणकार आधी माहीत असलेलं व्होल्टेज लावून यंत्रच तपासतो. पॉलिश पेपर मात्र लावत नाही. मुलामा पातळ, घासला की गेला. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी संपर्कातून हलकेच ओढायची, स्विच पुन्हापुन्हा फिरवायचा.

पण ते ‘माहीत असलेलं’ व्होल्टेज कशानं मोजलं? दुसऱ्या मापकानं. आणि तो? नागार्जुनाचा आक्षेप नेमका हाच आहे. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.