धूर की थंडी?

आमचं जव्हार २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होतं. त्याच जिल्ह्यातल्या कल्याणची आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये, अठराव्या वर्षी, नवऱ्याला मागे ठेवून अमेरिकेला डॉक्टरकी शिकायला गेली. फिलाडेल्फियाच्या कडाक्यात नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडायच्या. खोलीतली शेकोटी पेटवली की धूर कोंडायचा, विझवली की थंडी! आमच्याकडे चुलीचा धूर झाला तर दार उघडतात. तिथे दाराबाहेर बर्फ. तब्येत ढासळत गेली. तरी ११ मार्च १८८६ ला ती डॉक्टर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, बावीस पूर्ण होण्याआधीच, गेली. पदवीची तारीख आपण पाठ करतो. त्या हिवाळ्यांचाही हिशोब धरायला हवा, असं मला वाटतं...