गाण्याचें आद्याक्षर

हिंगोली जिल्ह्यांतील नरसी हें गांव नामदेवांचें जन्मस्थान म्हणून वारकरी संप्रदायाला पूज्य आहे. 1270 हें त्यांचें जन्मवर्ष मानलें जातें. त्याला सातशें वर्षें झालीं त्या 1970 सालीं महाराष्ट्र शासनानें त्यांची गाथा प्रसिद्ध केली. नामदेवांच्या नांवावरील अभंग दोन हजारांहून अधिक आहेत. त्यांतून हवा तो अभंग शोधावयाचा कसा? अभंगाला मथळा नसतो. त्याच्या आरंभींचे दोनचार शब्द हेंच त्याचें नांव. आणि म्हणून आपल्या छापील गाथांच्या शेवटीं अभंगांची अकारविल्हे सूचि जोडण्याची चाल पडली आहे. एका अक्षरानें आरंभ होणारे सारे अभंग, त्यांचा विषय कोणताहि असो, तेथें एका रांगेंत येऊन बसतात. पंढरी, पांडुरंग आणि पुंडलिक हे तिन्ही शब्द एकाच अक्षराचे. तेव्हां ‘प’च्या रांगेंत दाटी व्हावी हें ओघानेंच आलें. ही सूचि म्हणजे निवळ कारकुनी काम, असें पुष्कळांस वाटतें. परंतु गाण्याच्या पहिल्या ध्वनीवर एका देशानें केवढा भार टाकला आहे हें पाहिलें म्हणजे तें मत बदलावें लागतें. तो देश जपान होय.

जपानी भाषेंत गाणें आणि कविता या दोहोंसाठीं ‘उता’ हा एकच जुना शब्द आहे. आठव्या शतकांतील ‘मान्योशू’ या संग्रहांत अशीं सुमारें 4,500 गाणीं आहेत. त्यांतील बहुतेक एकतीस ध्वनींचीं, म्हणजे 5, 7, 5, 7, 7 अशा पांच चरणांचीं. अभंगाप्रमाणें त्यांनाहि मथळा नसतो. प्रसंग सांगणारी टीप असली तर असते. पुढें 1235 च्या सुमारास फुजिवारा नो तेइका या दरबारी कवीनें शंभर कवींचें प्रत्येकीं एक गाणें निवडलें. ‘ह्याकुनिन इश्शु’ या नांवाची ही शंभरी जपानांत घरोघर पोंचली ती विद्वानांच्या टीकांपेक्षां पत्त्यांच्या खेळामुळें. पत्त्यांना तेथें ‘कारुता’ म्हणतात, आणि तो शब्द सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर तेथें गेला.

या खेळांत गाण्याचा उत्तरार्ध तेवढा लिहिलेले पत्ते जमिनीवर मांडलेले असतात. वाचणारा पूर्वार्धापासून म्हणूं लागतो, आणि ज्याला गाणें आधीं ओळखूं येईल त्यानें त्याच्या उत्तरार्धाच्या पत्त्यावर हात मारावयाचा. शंभरांपैकीं सोळा गाणीं ‘अ’ या एकाच ध्वनीनें सुरू होतात. पहिल्या ध्वनीवरच जो हात उचलील तो तेथें हमखास फसावयाचा. उलट मु, सु, मे, फु, सा, हो आणि से या सात ध्वनींवर प्रत्येकीं एकच गाणें आहे. तो ध्वनि कानीं पडला न पडला तोंच पत्ता उडाला पाहिजे. या सात ध्वनींची एक माळ करून मुलें ती पाठ करतात. सहा गाणीं मात्र मोठीं लबाड आहेत. त्यांच्या तीन जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीचा पांच ध्वनींचा पहिला चरण अगदीं एकच असतो; गाणें कोणतें हें कळावयाचें तें सहाव्या ध्वनीला. शिवाय हा हिशेब सतत बदलता. जोडींतील एक गाणें म्हणून झालें कीं दुसरें आधींच ओळखतां येतें. कुरोइवा रुइको या वृत्तपत्रकारानें 1904 सालीं या खेळाचे नियम एकसारखे केले, आणि तेव्हांपासून त्याचे रीतसर सामने होऊं लागले.

आपल्या घरांतून गाण्यांच्या भेंड्या खेळतात त्याची येथें आठवण व्हावी हें स्वाभाविक आहे. पण दोहोंत मोठें अंतर आहे. भेंड्यांत अक्षर हातीं येतें आणि त्यावरून कोणतेंहि गाणें आठवावयाचें असतें. ‘ण’ आला तर ‘न’ चालवून घ्यावा, ‘ळ’ आला तर ‘ल’, कारण मराठी शब्दाचा आरंभ त्या अक्षरांनीं होत नाहीं. जपानी खेळांत सवलत नाहीं. शंभर गाणीं ठरलेलीं, त्यांतील एकहि ध्वनि इकडचा तिकडे व्हावयाचा नाहीं.

जपानी शब्दकोशांतील किंवा गाण्यांच्या सूचींतील ध्वनींचा क्रम वाचूं लागला तर मराठी वाचक थबकेल. अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ही आपलीच वर्णमाला होय. बौद्ध भिक्षु संस्कृत मंत्रांसाठीं सिद्धम् लिपीचा अभ्यास करीत; कूकाइ हा भिक्षु 806 सालीं चीनमधून परतला तो ही विद्या घेऊन. तिला जपानी लोक ‘शित्तान’ म्हणतात. अकराव्या शतकांत जन्मलेल्या मेइकाकु या भिक्षूच्या लेखनांत जपानी ध्वनि या क्रमानें लावलेले दिसतात. ‘क’च्या मागून ‘च’ यावयाचा तेथें ‘स’ आहे, कारण जुन्या जपानींत त्याच्या उच्चारांत ‘च’ची छटा असावी असें भाषापंडित मानतात. ‘प’च्या जागीं ‘ह’ आहे, कारण आजचा जपानी ‘ह’ हा पूर्वींचा ‘प’च होय. ‘त’नंतर ‘न’ आणि त्यापुढें ‘म’, हीं अनुनासिकांचीं स्थानें मात्र जशींच्या तशीं राहिलीं. आपल्याकडे पूर्वीं मूल धुळाक्षरें गिरवूं लागे तें ‘ओ नामासी धं’ म्हणत. त्याचें मूळ ‘ॐ नमः सिद्धम्’. ज्या वाक्यावरून मराठींतील ‘ओनामा’ आला त्यांतीलच ‘सिद्धम्’ या शब्दावरून जपानांतील ‘शित्तान’ आला.

व्यवहारांत हा क्रम रुळावयास मात्र फार दिवस लागले. सामान्य माणसें ‘इरोहा’ क्रम वापरीत. सत्तेचाळीस अक्षरें एकेकदांच योजून संसाराच्या अनित्यतेवर रचलेली ती एक कविता. तिची सर्वांत जुनी ज्ञात नोंद 1079 ची आहे. ओत्सुकि फुमिहिको यांनीं 1889 ते 1891 या काळांत ‘गेन्काइ’ हा कोश काढला तो मात्र वर्णमालेच्या क्रमानें.

गाणीं पहिल्या अक्षरावरूनच लावलीं पाहिजेत असा कांहीं जगाचा नियम नाहीं. नामदेवांचींच 61 पदें शिखांच्या आदिग्रंथांत आहेत. गुरु अर्जुनांनीं 1604 सालीं तो ग्रंथ सिद्ध केला तेव्हां तीं रागवारीनें घातलीं, कारण तीं गावयाचीं होतीं. हिंगोली 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत होती, आणि त्या राज्याच्या दरबारी उर्दूंत तर रीत नेमकी उलटी. दिवाणांत गझला लावतात त्या ओळीच्या शेवटच्या अक्षरावरून. गझलेचा सारा जीव यमकांत असल्यामुळें तें योग्यच आहे. जात्यावरच्या ओव्यांना तर आद्याक्षर अगदींच निरुपयोगी, कारण शेंकडों ओव्या ठराविक शब्दांनींच उघडतात. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनीं महाराष्ट्रांतील लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या त्यांना विषयवारीनेंच लावाव्या लागल्या.

अभंगाचें काय? तेइकानें शंभर गाणीं लिहून ठेवलीं म्हणून त्यांचा पहिला ध्वनि अढळ राहिला. नामदेवांचा अभंग शतकानुशतकें कागदापेक्षां कंठांत अधिक नांदला. आरंभीं ‘अरे’, ‘आतां’, ‘देवा’ असा एखादा शब्द वाढला किंवा गळला कीं त्याची रांग बदलली. एकच अभंग दोन अक्षरांखालीं दोन म्हणून मोजला जाण्याचा संभव तेथें असतो. त्यांत सोळाव्या शतकांतील विष्णुदास नामा यांचीहि मुद्रा ‘नामा’च. तेव्हां एखादा अभंग कोणत्या नाम्याचा, हें ना पहिलें अक्षर सांगतें ना शेवटचें. पाठ शेजारीं ठेवून भाषाच तपासावी लागते, आणि पाठ शेजारीं यावयाचे तर सूचि बिनचूक हवी.

याहून मोठी अडचण ध्रुपदाची आहे. ध्रुपदाची खूण अभंगांत बहुधा पहिल्या कडव्यानंतर येते. गाणारा तेंच पुनःपुन्हां आळवतो, आणि ऐकणाराच्या ध्यानांत राहतें तेंच. भजनांत ऐकलेला अभंग शोधावा म्हणून घरीं कोणी गाथा उघडतो, भलत्याच अक्षराखालीं पाहतो, आणि अभंग येथें नाहींच असें समजून पुस्तक मिटतो. ज्यांच्या तोंडीं हे अभंग आहेत अशीं वृद्ध माणसें गांवोगांवीं कमी होत चाललीं आहेत. त्यांनीं म्हटलेला अभंग छापलेला आहे कीं नवा, हें ताडण्याचें एक साधन ती सूचि होय. पहिल्या चरणांच्या सूचीशेजारीं ध्रुपदांचीहि अकारविल्हे सूचि, आणि जेथें आरंभ दोन तऱ्हांनीं गातात तेथें दोन्ही अक्षरांखालीं नोंद, एवढें काम पुढील संपादकानें करावयास हवें. ग्रंथ थोडा जाड होईल इतकेंच.