सायकलीवरचे पाणी

इतिहास म्हटला की गड, तह आणि राजवंश आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु माणसाच्या तहानेलाही इतिहास आहे, आणि त्यातले एक लहानसे प्रकरण सायकलीच्या सांगाड्यावर लिहिलेले आहे.

१९०३ साली फ्रान्समध्ये ‘तूर द फ्रान्स’ ही सायकलशर्यत सुरू झाली. पहिल्याच वर्षी सहापैकी चार टप्पे चारशे किलोमीटरांहून लांब होते. त्या जुन्या काळचे स्वार धातूच्या, बुचाच्या बाटल्या हँडलवरच्या तारेच्या घरात ठेवीत. पाणी हाताशी असे खरे. पण लिटरभर पाण्याचे वजन एक किलो, आणि तेही उंचावर, हँडलबरोबर वळणारे! म्हणून बाटली हळूहळू खाली, सांगाड्याच्या तिरक्या दांडीवर आली. प्रथम तिचे घर पट्ट्यांनी आवळीत. पुढे कारखान्यातच दांडीला आट्यांची भोके ठेवू लागले. दोन भोकांमधले ६४ मिलिमीटरांचे अंतर आज जगभर रूढ आहे.

या पाण्याचे मोल केवढे! १९५२ साली आल्प्समधील गालिबिए घाटात कोप्पी आणि बार्ताली या इटालियन प्रतिस्पर्ध्यांचे छायाचित्र निघाले. एक बाटली दोघांच्या हातांत आहे. ती कोणी कोणाला दिली, यावर इटलीत वर्षानुवर्षे वाद रंगला. १९६७ साली माँ व्हाँतूच्या तापलेल्या चढावर इंग्लंडचा टॉम सिम्प्सन कोसळला आणि मरण पावला. त्याच्या मृत्यूला उत्तेजक द्रव्ये, उष्णता आणि अतिश्रम कारणीभूत झाले; पण त्या काळी स्वारांना पाणीही मोजूनमापूनच घेता येई, हे विसरता येत नाही.

आता ठेंगण्या स्वाराचा विचार करा. त्याच्यासाठी सांगाडा लहान करतात. चाके मात्र बहुधा तेवढीच राहतात, आणि बाटलीही तेवढीच! आक्रसतो तो मधला त्रिकोण. तिरक्या दांडीवरची बाटली सीटखालच्या उभ्या दांडीवरच्या बाटलीला अडते, आणि वर ओढावी तर आडव्या दांडीवर आपटते. मग कारागीर घर थोडे खाली सरकवतो, बाजूने बाटली निघेल असे घर बसवतो, किंवा आखूड बाटली सुचवतो. तिसरी जागा तिरक्या दांडीच्या खालच्या अंगाला. तिथे चिखल उडतो आणि पुढच्या चाकाचे अंतर आधी तपासावे लागते.

अडचणीचे मूळ बाटलीत नाही, मापात आहे. उंच पुरुषाचा सांगाडा प्रमाण धरून तोच नुसता कापीत गेल्याचा हा परिणाम. १९८५ साली अमेरिकेत जॉर्जिना टेरी यांनी स्त्रियांसाठी सायकलींची कंपनी काढली आणि लहान सांगाड्यांना पुढचे चाक २४ इंचांचे दिले. त्यांनी चाकापासूनच माप नव्याने घेतले.

तहान उंची पाहून लागत नाही. घाटात ठेंगण्या स्वारालाही पाणी लागते, आणि त्यासाठी त्याच्या सायकलीवर जागा असायला हवी.