चुका पोटात घालणारं अक्षर

परवा आमच्या टीमचे टी-शर्ट छापायचे होते. त्यावरच्या इंग्रजी नावासाठी फॉन्ट निवडायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. बोडोनी निवडला. जाड रेघांच्या शेजारी केसाइतक्या बारीक रेघा. स्क्रीनवर काय झकास दिसत होता! छापून आलं तेव्हा बारीक रेघा गायब, आणि नाव कुणालाच वाचता येईना. छापणारे काका शांतपणे म्हणाले, "साहेब, कापडावर गुबगुबीत अक्षर घ्यावं." आणि त्यांनी नमुना पुढे केला तो कूपर ब्लॅकचा. झालं, माझा अख्खा वीकेंड त्याच्यामागे गेला.

नाव माहीत नसलं तरी हे अक्षर तुम्ही पाहिलेलं असणार. बीच बॉईजच्या 'पेट साउंड्स'चं (१९६६) कव्हर आठवा, किंवा ईझीजेटच्या विमानांवरचं नारिंगी नाव.

ते काढलं शिकागोच्या ओझवल्ड कूपरनं. हा मूळचा जाहिरातींची अक्षरं हातानं रंगवणारा माणूस. १९०४ मध्ये त्यानं फ्रेड बर्टश या भागीदाराबरोबर जाहिरातींचा स्टुडिओ काढला. पुढे बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या खिळे ओतणाऱ्या कंपनीनं १९२२ मध्ये त्याचं कूपर ब्लॅक बाजारात आणलं. जुन्या वळणाच्या छापखानेवाल्यांनी नाकं मुरडली; त्याला 'काळं संकट' म्हटलं. कूपर मात्र गमतीनं म्हणायचा, हे अक्षर दूरदृष्टीच्या मुद्रकांसाठी आहे, ज्यांच्या गिऱ्हाइकांना लांबचं दिसत नाही! जाहिरातवाल्यांनी ते उचलून धरलं. इतकं की १९२५ मध्ये मोनोटाइप कंपनीनं त्याच्याशी टक्कर द्यायला 'गाउडी हेवीफेस' आणलं. ते काढणारा फ्रेडरिक गाउडी म्हणजे खुद्द कूपरचा गुरू.

आता यातली गंमत बघा. रोमन अक्षराच्या टोकांना छोटी पावलं असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. बोडोनीत ती पातळ आणि धारदार. कूपरनं ती चक्क गोल केली. अक्षराचा तळसुद्धा सपाट नाही, किंचित फुगीर. त्यामुळे शाई जरा पसरली तरी बिघडत नाही, कारण कोपरे आधीच गोल आहेत. अक्षर थोडं वरखाली बसलं तरी चटकन कळत नाही, कारण तळाला सरळ रेघच नाही. १९७० च्या दशकात टी-शर्टवर इस्त्रीनं एकेक अक्षर चिकटवायची फॅशन आली, तेव्हा हा गुण किती कामाला आला असेल!

अर्थात सगळीकडे हे चालत नाही. आतल्या पोकळ्या इतक्या लहान, की बारीक आकारात 'e' चा डोळाच मिटतो. याच्यात अख्खं पुस्तक छापाल तर वाचणारा पळून जाईल.

मला मात्र सोमवारी ऑफिसात जाताना वेगळंच टोचत होतं. मी फॉन्ट निवडला तो माझ्या महागड्या मॉनिटरवर बघून. कूपरचं अक्षर खराब कागद, जास्त शाई, घाईतला कामगार, सगळं सोसतं. आपण कोड लिहितो तोही असाच, ऑफिसच्या फास्ट नेटवर आणि नव्या फोनवर तपासून. मग एसटीत बसून जुन्या फोनवर आपलं ॲप उघडणाऱ्याचं काय?

असो. टी-शर्ट परत छापले, माझ्या खर्चानं. या वेळी नाव लांबूनही वाचता येतं.